पदर असलेला सांधा

दिवाळी उलटली, की आमच्या घरातली दारं शहाण्यासारखी वागायला लागतात. पावसाळाभर ती फुगून बसलेली असतात. न्हाणीघराचं दार तर असं रुसतं, की आत गेलेल्या माणसाला बाहेरून ढकलून सोडवावं लागतं. मग एका सकाळी उत्तरेचा कोरडा वारा सुटतो, ओठ फुटायला लागतात आणि तेच दार एका बोटाने लागतं. बोईसरला इमारतीत राहायला येऊन मला बरीच वर्षं झाली. इथून भाताचं शेत दिसत नाही, खळं दिसत नाही, वाऱ्याला कारखान्यांचा उग्र वास असतो. पण लाकूड जिथे असेल तिथे ऋतू पाळतं. दार सहज लागलं, की मी मनाशी म्हणते, आला, नानांचा महिना आला.

नाना म्हणजे माझे सासरे. एडवणच्या बाजूला, समुद्राची गाज ऐकू येईल इतक्या अंतरावर त्यांची वाडी होती. केळी, नारळ, पानवेली. मी पालघरच्या बाजारपेठेत वाढलेली. लग्न होऊन वाडीत गेले तेव्हा ऐंशीचं दशक अर्धंअधिक सरलं होतं. आमच्याकडे लाकूड म्हणजे वखारीतली फळी. इथे प्रत्येक झाडाला स्वभाव होता आणि ते कोणी, कधी लावलं याची गोष्ट होती. मी घरात आले त्याच्या आदल्या शिमग्यात नानांना झटका आला होता. वाचा परतली, पाय परतला, डावा हात मात्र आला नाही. पाहुण्याने सांभाळायला दिलेल्या सामानासारखा तो त्यांच्या मांडीवर ठेवलेला असायचा.

घरच्यांनी नानांना फार जपलं. जपणंसुद्धा माणसाला किती बोचतं, ते मी तिथे पाहिलं. पानवेलींना पाणी लावायचं काम गड्याकडे गेलं, बाजारात माल न्यायचं काम यांच्याकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे आलं. बोईसरच्या कारखान्यातली पाळी सांभाळून ते हेही करायचे. नानांशी बोलताना सगळे आवाज चढवून बोलायचे, जणू हाताबरोबर कानही गेले. आणि माझी नणंद रेखा हिचं लग्न ठरलं, तेव्हा त्यांना न विचारताच ठरून गेलं, की कन्यादान थोरले काका-काकू करतील. कारण उघड होतं. कन्यादानाला ओंजळ लागते आणि ओंजळीला दोन हात लागतात.

नानांनी फक्त माळ्यावरचं फणसाचं लाकूड खाली काढायला सांगितलं.

तो रेखाचा फणस. ती जन्मली त्या वर्षी नानांनी लावलेला आणि एका वादळात मुळासकट आडवा झालेला. त्याच्या फळ्या चिरून माळ्यावर वाळत टाकल्या होत्या. पहिली फळी अंगणात आली आणि तिच्यावरची धूळ पुसली, तेव्हा आतून हळदीसारखा पिवळा रंग निघाला. "दोन पाट करायचे," नाना म्हणाले. "एक पोरीचा, एक माजा." पोरीचा बोहल्यासाठी, हे कळलं. आपला कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही, पण ओटीवर बसलेल्या प्रत्येकाला ते समजलं आणि प्रत्येकाने दुसरीकडे पाहिलं.

पाट करायचे ते बिनखिळ्याचे. आमच्या घरात नवरीच्या पाटाला खिळा चालत नाही. शास्त्र कुठलं, असं विचाराल तर मला माहीत नाही. पण कोणा आत्याच्या लग्नात पाटाचा खिळा वर आला होता आणि तिचा शालू अडकून फाटला, ही गोष्ट मला तिथे गेल्यावर दर आठवड्याला कोणी ना कोणी ऐकवलीच. लाकूड आटतं, खिळा आटत नाही. मग तो डोकं वर काढतो. माणसांतही असे खिळे असतात, पण तो विषय वेगळा.

गावचा सुतार दामू तेव्हा गावचा राहिला नव्हता. कुंभवलीकडे एका कारखान्याच्या मालासाठी तो लाकडी खोकी ठोकायचा. सुट्टीच्या दिवशी सायकलवरून आला, ओटीवर टेकला, चहाची बशी तोंडाला लावून म्हणाला, "नाना, खिळं मारायचं सांगा, उद्या देतो करून. बिनखिळ्याच्या कामाला आता सवड नाय मना."

"करू नको. दाकव नुस्तं," नाना म्हणाले. "आमी करू."

"आमी म्हंजे कोन?"

नानांनी चहा घेऊन उभ्या असलेल्या माझ्याकडे मान वळवली. "ही हाय ना."

मी तेव्हा नानांसमोर डोक्यावरून पदर घ्यायचे. सासऱ्यांच्या समोर बसायचं नाही, त्यांना हातात थेट काही द्यायचं नाही, पुढ्यात ठेवायचं, अशी त्या घराची रीत. आमचं बोलणं म्हणजे "जेवायला वाढू का" आणि "वाढ". माझ्या हातात त्याआधी विळी सोडून दुसरं पातं आलं नव्हतं. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "बोटं सांबाळ. लग्नात वाडायला लागतील."

दामूने सरावासाठी कारखान्यातलं टाकाऊ लाकूड आणून दिलं. पांढरं, हलकं, हुंगलं तर औषधासारखा वास येणारं. त्यावर काळ्या शाईत वर तोंड केलेला बाण आणि छत्रीचं चित्र छापलेलं. आमची सगळी नवशिकेगिरी त्या छत्र्यांवर झाली.

आजच्या मुलांना हे सांगताना मला मजा वाटते. परवा माझ्या लेकाने पुस्तकांसाठी मांडणी मागवली. खोक्यातून फळ्या निघाल्या आणि एका पुडीत एकसारख्या गुळगुळीत लाकडी खुंट्या. आधीच पाडलेल्या भोकांत त्या ठोकल्या, की झालं. लेक मोबाइल पाहत मला वाचून दाखवत होता, की नवशिक्यांसाठी हा सगळ्यात सोपा लपवलेला सांधा. मी म्हटलं, बाबा, भोकं दुसऱ्याने पाडून दिली असतील तर कुठलाही सांधा सोपा.

दामूचंही म्हणणं त्या मोबाइलसारखंच होतं. त्याने तीन प्रकार सांगितले. पहिल्यात शेपटीच्या आकाराचे दात कापून एकमेकांत अडकवायचे. दिसायला देखणं, पण तो स्वतःच म्हणाला, "ते तुमच्याच्यानं व्हायाचं नाय." दुसऱ्या चोरखुंट्या. पाटाच्या फळीला खालून भोक, आडव्या पायाला वरून भोक, मधे खुंटी. बाहेरून काहीच कळत नाही. तिसरं चोरकुसू. म्हणजे पायाच्याच लाकडाला वर जिभेसारखं टोक ठेवायचं, फळीला खालून तेवढी खाच घ्यायची आणि ती जीभ आत बसवायची. आरपार जायचं नाही, आत जाऊन थांबायचं. "कुसवाला तासायचं काम लय," दामू म्हणाला. "तुमी खुंट्याच घ्या. नवशिक्याला त्याच बऱ्या."

आम्ही खुंट्या घेतल्या. भोक पाडायच्या गिरमिटाची आडवी मूठ फिरवायला दोन हात लागतात. एक बाजू नानांनी धरली, दुसरी मी धरली आणि जात्यावर दोघी बसाव्यात तसे आम्ही समोरासमोर बसून ते फिरवू लागलो. नानांचा जोर जास्त, माझा कमी. भोक गेलं तिरकं. दुसरं त्याहून तिरकं. वरची फळी खालच्या पायावर ठेवली, तर एक खुंटी बसली की दुसरी तोंड फिरवायची. खुंटीच्या कामात भोकासमोर भोक आलंच पाहिजे. केसभर इकडचं तिकडे झालं, की सगळं वाया, आणि ते दुरुस्त करायला आत कुठे जागाच नसते. खळ्यावर मळणी चालली होती, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या, समुद्राकडून सुकत घातलेल्या बोंबलांचा वास वाऱ्यावर यायचा, आणि आमच्या अंगणात तिरक्या भोकांच्या छत्र्यांचा ढीग वाढत होता. सासूबाई त्या बंबात घालायच्या. त्या महिन्यात अंघोळीला पाणी फार चांगलं तापलं.

पुढच्या सुट्टीला दामू आला, ढिगाकडे पाहून हसला नाही, हे त्याचं मोठेपण. नाना म्हणाले, "कुसू दाकव."

त्याने छत्रीवाल्या तुकड्यावर कुसू काढून दाखवलं. जिभेच्या दोन्ही बाजूंना लाकूड सपाट कापलेलं, पायरीसारखं. त्यावर बोट ठेवून तो मला म्हणाला, "हा खांदा. खाच वाकडी आली, कडा कुरतडल्या, तरी खांदा वर येऊन बसतो, मग आतलं काय दिसत नाय. म्हनून पयला खांदा दे त्याला नीट."

सासूबाई उलथणं घेऊनच बाहेर आल्या. "दामू, लगीनघर हाय हे. खांदा देयाच्या गोष्टी कसल्या करतोस?"

दामूने जीभ चावली. "मग काय म्हनू, काकी?"

"करतो काय तो?"

"आतलं वेडंवाकडं झाकतो."

"मग पदर म्हन की," असं म्हणून त्या आत गेल्या.

त्या दिवसापासून आमच्या घरात तो शब्द ठरला. "पदर ठेवलास?" नाना विचारायचे. "इकडचा पदर कमी पडतोय," मी म्हणायचे. दामू कुंभवलीला जाऊनही तसंच म्हणायला लागला आणि तिथली उत्तरेकडची मंडळी त्याला विचारायची, "ये पदर क्या होता है, दामूभाई?" त्याने त्यांना काय समजावलं असेल, देव जाणे.

पण त्या शब्दाने मला सांधा कळला. आम्ही सोप्याचा अर्थच चुकीचा घेतला होता. ज्यात कमी कापावं लागतं ते सोपं, असं वाटायचं. नवशिक्याला खरं सोपं ते, ज्यात चुकायला जागा असते. कुसवाला मेहनत जास्त, करवत जास्त, पटाशी जास्त, पण खाचेची कड जराशी तुटली तर पदर तिला पोटात घेतो. खाच तळाशी कुसवापेक्षा थोडी खोल ठेवायची, म्हणजे लाकूड चिकटवायचा जादा सरस तिथे जाऊन बसतो, कुसवाला वर ढकलत नाही. नवी सून म्हणून त्या घरात माझ्याही कडा तेव्हा बऱ्याच कुरतडलेल्या होत्या. भाकरी चिरायची, आमटीत मीठ दोनदा पडायचं. सासूबाई जेवताना सगळ्यांच्या आधी म्हणायच्या, "आज मीच टाकलं मीठ." तेव्हा मला ते नुसतं बोलणं वाटायचं. आता त्यांची आठवण येते ती याच वाक्यासकट.

खाच घ्यायची आमची पद्धत अशी होती. पटाशी मी धरायची, मोगरी, म्हणजे लाकडी हातोडा, नानांनी मारायची. दुसऱ्याच्या मोगरीखाली आपली बोटं ठेवून बसणं म्हणजे काय, हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही. पहिले काही दिवस मी डोळे मिटून घ्यायचे. नाना "धर" म्हणायचे, मी धरायचे. मग एक ठोका, पिवळी ढलपी उडायची, परत "धर". डोक्यावरचा पदर सारखा पटाशीवर यायचा. एकदा नानाच म्हणाले, "तो खोच आदी. कुसवाला पदर लागतो, तुला नाय." सासूबाईंनी ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं. त्यानंतर त्या घरात मी डोक्यावरून पदर घेतला नाही. रेखा समोर बसून आमच्याकडे पाहत असायची. वाल सोलता सोलता म्हणायची, "नाना, माज्यापेक्षा वहिनीशीच तुमी जास्ती बोलता हल्ली."

फणसाला हात घातला तो मार्गशीर्ष लागल्यावर. पहिला पाट रेखाचा. तो जमला. चारही कुसवं आत गेली, पदर टेकले, वरून पाहावं तर नुसती पिवळी फळी, कुठे काही जोडलंय याचा मागमूस नाही. नानांनी त्यावरून तळवा फिरवला, मग रेखाला बोलावून तिला त्यावर बसवलं आणि स्वतः बराच वेळ उभेच राहिले.

दुसऱ्याच्या वेळी घोळ झाला. खाच किती खोल न्यायची हे कळावं म्हणून दामूने पटाशीला तेवढ्या अंतरावर लाल दोरा बांधून दिला होता. दोरा फळीला टेकला, की थांबायचं. मधे गुरुवार आला. सासूबाईंनी मार्गशीर्षातली देवीची पूजा मांडली आणि लग्नाचे पाट घडवणारी हत्यारं म्हणून करवत, रंधा, पटाशी सगळं पूजेला ठेवलं. पटाशीला लाल दोरा आधीच आहे हे पाहून त्यांना फार बरं वाटलं. पण तो खाली, पात्यावर होता आणि कुंकू लावायला जागा राहत नव्हती. म्हणून त्यांनी तो सोडवला, वर मुठीजवळ सरकवला आणि गाठ चांगली पक्की बांधली.

शुक्रवारी आम्ही कामाला बसलो. धर, ठोका. धर, ठोका. दोरा काही टेकेना. नाना म्हणाले, "फनस लय कडक दिसतोय ह्या बाजूला." मीही मान डोलावली. मग ठोक्याचा आवाज बदलला. मी फळी उचलली, तर खाचेतून अंगणातलं ऊन दिसलं.

दुसरी फळी नव्हती. रेखाच्या फणसाचं तेवढंच लाकूड कामाचं निघालं होतं, बाकीचं वाळवीने खाल्लेलं. नाना मोगरी खाली ठेवून बसले. डावा हात उजव्या हाताने उचलून त्यांनी मांडीवर घेतला. गेलं सगळं, असंच मला वाटलं. आता ते काकांना बोलावतील आणि म्हणतील, तूच बस.

सासूबाई बाहेर आल्या. फळीकडे पाहिलं, पटाशीकडे पाहिलं, आणि भोळेपणाने म्हणाल्या, "असं कसं झालं? दोरा तर मी कालच नीट बांदला."

आम्ही दोघांनी पटाशीकडे पाहिलं. मग नाना हसायला लागले. त्या घरात आल्यापासून त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. झटक्यामुळे तोंड एका बाजूला वाकडं व्हायचं म्हणून ते हसू आवरायचे. त्या दिवशी आवरलं नाही. वाकड्या तोंडाने, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. सासूबाईंना आधी कळेना, कळल्यावर त्या कपाळाला हात लावून तिथेच बसल्या, आणि रेखा त्यांना कुशीत घेऊन हसत सुटली.

त्या भोकात फणसाचाच चौकोनी तुकडा तासून बसवला. ठिगळ लपलं नाही. अजूनही पाट पाहिला, की नजर आधी तिथेच जाते. तो पाट आता माझ्याकडे आहे आणि ह्या वाऱ्याला तो करकरतोही. सरस वाळल्यावर नाना त्याच्यावर बसून पाहत म्हणाले, "हा माजा. ह्याच्यावर दुसरा कोन बसायचा नाय." सासूबाईंनी विचारलं, "आनि ओंजळ?" नाना म्हणाले, "बगू." एवढंच. पण घरात कळायचं ते सगळ्यांना कळलं, आणि काकांच्या घरी निरोप द्यायला कोणी गेलं नाही, कारण काय निरोप द्यायचा हेच कोणाला सुचेना.

लग्नाच्या दिवशी काका सोवळं नेसून तयार होऊनच आले. नाना त्यांच्या आधी मांडवात गेले आणि आपल्या पाटावर बसले. काका क्षणभर उभे राहिले, मग काकूंना घेऊन बाजूच्या खुर्चीवर टेकले. त्यांचं मला आजही कौतुक वाटतं, कारण मांडवभर माणसं पाहत होती. भटजींनी सुरुवात केली. कन्यादानाची वेळ आली. जावयाची ओंजळ, तिच्यावर रेखाची, त्यावर नानांची धरायची. सासूबाई झारीने वरून पाणी घालणार आणि ते एकातून दुसऱ्यात उतरणार. नानांनी उजव्या हाताने डावा उचलला, शेजारी धरला. तो उघडला नाही. घसरून मांडीवर पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. काका खुर्चीतून अर्धे उठले.

नानांनी काकांकडे पाहिलं नाही. मी खांबाशी अक्षतांचं ताट घेऊन उभी होते, तिकडे मान वळवून ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "धर."

मी ताट ठेवलं, त्यांच्या डाव्या बाजूला जमिनीवर बसले आणि माझा डावा हात त्यांच्या उजव्या हाताला जोडला. कोणी वरून उपरणं टाकलं नाही, काही झाकलं नाही. सुनेचा हात सासऱ्यांच्या हाताला लागलेला सगळा मांडव बघत होता. भटजी थांबले. "वहिनी, हे विधीत..." म्हणून त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी झारी तिरकी केलेलीच होती.

पाणी आलं. त्यांचा तळवा रुंद, वाडीचं काम केलेला, माझा लहान. मधे फट राहायचीच. मी करंगळी घट्ट दाबली तरी पाण्याची धार फटीतून नानांच्या धोतरावर उतरायला लागली.

"गळतंय," भटजी हळूच म्हणाले.

सासूबाईंनी धार मोडली नाही. "गळू दे," त्या म्हणाल्या. मग वाकून त्यांनी लेकीला विचारलं, "रेखा, तुज्या हातात पोचतंय ना गो?"

मुंडावळ्यांच्या आड रेखाची मान खाली होती.

"पोचतंय, आई."